टेस्ट करताना स्टॅटिक की शेअर्ड? नव्या प्रोग्रामरसाठी पायरीपायरीने

जळगाव, धुळे, शिरपूरच्या कॉलेजांतून बाहेर पडून सी किंवा सी++ च्या खऱ्या प्रोजेक्टवर बसलेल्या मुलामुलींना एक प्रश्न हमखास पडतो: लायब्ररी स्टॅटिक जोडू की शेअर्ड? परीक्षेत याचं उत्तर दोन रकान्यांच्या तक्त्यात लिहून मार्क मिळवलेले असतात. एकीकडे फाइल मोठी, दुसरीकडे लहान. एकीकडे मेमरी जास्त, दुसरीकडे कमी. तो तक्ता खोटा नाही, पण टेस्टिंगला बसल्यावर फारसा कामाला येत नाही. तिथे विचारायचं ते एवढंच: आत्ता जी टेस्ट पास झाली, तिने नेमका कोणता कोड चालवला?

उदाहरणाला वजनकाट्याचा प्रोग्राम घेऊ. खान्देशात हे काम केव्हातरी हातात येतंच. जिनिंगवर कापसाच्या गाड्या, डाळ मिलमध्ये तूर-हरभरा, रावेर-यावलकडे केळी, सगळं काट्यावरून जातं. इंडिकेटरमधून (वजनाचा आकडा दाखवणारी पेटी) सिरियल केबलने वजन वाचायचं, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये नोंद करायची, पावती छापायची आणि इंटरनेट असेल तेव्हा डेटा ऑफिसला पाठवायचा. वजन वाचण्याचा भाग आपण वेगळ्या लायब्ररीत ठेवलाय, तिचं नाव ‘लिबकाटा’; मुख्य प्रोग्रामचं नाव ‘पावती’. मशीन लिनक्सचं, कंपायलर जीसीसी. कमांड आणि ऑप्शन मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करा.

पायरी १: दोन्हींत काय होतं ते एकदा नीट समजून घ्या

‘लिबकाटा.ए’ ही स्टॅटिक लायब्ररी. ‘एआर’ कमांडने बांधलेलं ऑब्जेक्ट फाइलींचं, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडच्या तुकड्यांचं, गाठोडं. लिंकर, म्हणजे हे तुकडे जोडून प्रोग्राम तयार करणारं टूल, त्यातून लागतील तेवढ्या फाइली उचलतो आणि प्रोग्रामच्या पोटात घालतो. ‘लिबकाटा.एसओ’ ही शेअर्ड. इथे प्रोग्राममध्ये फक्त लायब्ररीचं नाव लिहिलं जातं. ती फाइल डिस्कवर शोधून जोडायचं काम प्रोग्राम सुरू होताना लोडर करतो. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टीला जाताना वांगी, मिरच्या, तेल, कढई, काडेपेटी सगळं घरून बांधून नेलं तर ते स्टॅटिक. ‘मळ्यात असेलच’ म्हणून हात हलवत गेलो तर शेअर्ड. मळ्यात कढई असतेच, पण ती कोणती असेल हे तिथे गेल्यावर कळतं.

आकाराचा फरक बघायचा तर एक ‘हॅलो वर्ल्ड’ दोन्ही प्रकारे बांधा. उबुंटू २२.०४ वर शेअर्ड फाइल सुमारे १६ केबीची होते, पूर्ण स्टॅटिक सुमारे ९०० केबीची. आजच्या डिस्कवर हा फरक कुणाला जाणवतही नाही, तेव्हा त्यावरून निर्णय घेऊ नका.

पायरी २: बिल्ड झालं की आधी तपासा, मग टेस्ट चालवा

‘फाइल पावती’ अशी कमांड द्या. उत्तरात ‘डायनॅमिकली लिंक्ड’ किंवा ‘स्टॅटिकली लिंक्ड’ असं लिहून येतं. मग ‘एलडीडी पावती’. ही प्रत्येक शेअर्ड लायब्ररीचं नाव आणि बाणापुढे तिचा खरा पत्ता दाखवते. बहुतेक जण डावीकडची नावं बघतात आणि पुढे जातात. पत्ता बघा, सगळी गंमत तिथेच असते. लिबकाटासमोर तुमच्या बिल्ड फोल्डरचा पत्ता आहे की ‘यूएसआर/लोकल/लिब’चा? दुसरं असेल तर तुमची टेस्ट मागच्या महिन्यात कुणीतरी इन्स्टॉल केलेल्या लायब्ररीवर चालणार आहे, आणि ती पास झाली काय, नापास झाली काय, सारखंच.

बाहेरून आलेल्या, भरवसा नसलेल्या फाइलीवर मात्र एलडीडी चालवू नका. काही परिस्थितीत त्यातून तो प्रोग्रामच चालू होऊ शकतो. तिथे ‘रीडएल्फ -डी’ वापरा आणि ‘नीडेड’ लिहिलेल्या ओळी वाचा. त्यात पत्ता दिसत नाही, नावं दिसतात.

पायरी ३: रोजच्या टेस्टला आपली लायब्ररी स्टॅटिक ठेवा

माझं मत याबाबतीत पक्कं आहे. ज्या लायब्ररीत तुम्ही रोज बदल करताय, ती विकासाच्या काळात टेस्ट प्रोग्राममध्ये स्टॅटिकच जोडा. कोड पोटात असला की जुनी प्रत उचलली जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

शेअर्डमध्ये ही गडबड होते कशी, ते एकदा बघा. लोडरचा शोधायचा क्रम ठरलेला असतो. प्रोग्रामच्या फाइलीत ‘आरपाथ’ (लायब्ररी शोधायचा पत्ता) लिहिलेला असेल तर आधी तो, मग ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, मग ‘रनपाथ’ (तसाच, पण नव्या प्रकारचा पत्ता), मग ‘एलडीकॉन्फिग’ने बनवलेला कॅश, आणि शेवटी ठरलेली सिस्टिम फोल्डरं. रनपाथ असला तर आरपाथ बघितलाच जात नाही. सीमेक हे बिल्डचं टूल बिल्ड फोल्डरचा पत्ता टेस्ट प्रोग्राममध्ये आपोआप लिहून ठेवतं, म्हणून सगळे निर्धास्त असतात. पण उबुंटूसारख्या सिस्टिमवर तो पत्ता रनपाथ म्हणून लिहिला जातो, आणि रनपाथचा नंबर एलडी_लायब्ररी_पाथच्या मागे लागतो. ऑफिसातल्या सामायिक मशीनवर कुणीतरी कधीतरी ‘बॅशआरसी’मध्ये (टर्मिनल उघडताना चालणारी फाइल) एलडी_लायब्ररी_पाथची ओळ टाकून ठेवलेली असते. तो माणूस पुण्याला नोकरीला निघून गेला तरी ओळ तिथेच राहते. तुम्ही लिबकाटामध्ये दुरुस्ती करता, बिल्ड करता, टेस्ट चालवता. दुरुस्ती दिसत नाही. पुन्हा करता, पुन्हा नाही. कोड बरोबर असतो, तो चालतच नसतो. अशा वेळी ‘एलडी_डीबग=लिब्ज’ पुढे लावून प्रोग्राम चालवा. लोडर कुठे-कुठे शोधतोय आणि शेवटी कुठून उचलतोय, ओळीनं सगळं छापतो.

स्टॅटिकचा दुसरा फायदा आतल्या फंक्शनांचा. लायब्ररीबाहेर न दाखवलेली छोटी फंक्शनं, समजा इंडिकेटरकडून आलेल्या अक्षरांतून वजनाचा आकडा वेगळा काढणारं फंक्शन, शेअर्ड लायब्ररीत व्हिजिबिलिटी ‘हिडन’ ठेवलेली असली तर टेस्टला तिथवर पोचता येत नाही, लिंकर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणून हात वर करतो. स्टॅटिकमध्ये तीच फंक्शनं थेट तपासता येतात.

अर्थात स्टॅटिकलाही खोडी आहेतच. एक क्रमाची: लायब्ररीचं नाव कमांडमध्ये ती वापरणाऱ्या ऑब्जेक्ट फाइलीनंतर यायला हवं. आधी लिहिलं तर लिंकर तिच्यावरून पुढे निघून जातो, कारण तोवर तिच्यातलं कुणी काही मागितलेलंच नसतं. दुसरी खोड जास्त छळते. प्रत्येक कंपनीच्या इंडिकेटरसाठी वेगळा ड्रायव्हर आहे आणि तो ग्लोबल कन्स्ट्रक्टरमधून स्वतःची नोंदणी करतो, असं समजा. त्या ऑब्जेक्ट फाइलीतलं एकही नाव कुणी थेट वापरत नाही, म्हणून लिंकर ती उचलतच नाही. प्रोग्राम विनातक्रार बांधला जातो आणि चालवल्यावर म्हणतो, ‘इंडिकेटर सापडला नाही’. शेअर्डमध्ये हाच कोड चालतो. उपाय आहे ‘--होल-आर्काइव्ह’, पण तो फक्त त्या एका लायब्ररीपुरता चालू करून लगेच ‘--नो-होल-आर्काइव्ह’ने बंद करायचा.

पायरी ४: ‘स्टॅटिक’ म्हणजे सगळंच स्टॅटिक नव्हे

नवखे इथे जास्तीत जास्त वेळ घालवतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. जीसीसीला ‘-स्टॅटिक’ दिलं की फक्त तुमची लिबकाटा नव्हे, तर सी लायब्ररी ‘ग्लिबसी’सकट सगळंच पोटात जातं. टेस्टिंगला हे सहसा नको असतं. मेमरीच्या चुका पकडणारा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर पूर्ण स्टॅटिक प्रोग्रामबरोबर चालत नाही. जीसीसी तर दोन्ही ऑप्शन एकत्र द्यायलाच नकार देतं. त्याच कामाचं दुसरं टूल व्हॅलग्राइंड मेमरी मागून घेणारा ‘मॅलॉक’ स्वतःकडे वळवून घेतं, पण मॅलॉक पोटात शिरलेला असला की त्याला वेगळा ऑप्शन देऊन तसं सांगावं लागतं. ‘एलडी_प्रीलोड’ लावून एखाद्या फंक्शनच्या जागी खोटं फंक्शन बसवायची युक्तीही निकामी होते. लोडरच नसेल तर प्रीलोड करणार कोण?

शिवाय ऑफिसला डेटा पाठवणाऱ्या भागात सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधणारं ‘गेटअ‍ॅडरइन्फो’ असतंच. ते ग्लिबसीबरोबर स्टॅटिक जोडलं की लिंकर वॉर्निंग देतो, की चालवताना त्याच आवृत्तीच्या ग्लिबसीच्या शेअर्ड फाइली मशीनवर लागतील. म्हणजे स्टॅटिक करूनही सुटका नाही. ही वॉर्निंग आहे, एरर नाही, म्हणून लोक ती वरच्या बाजूला सरकून जाऊ देतात.

तेव्हा मधला रस्ता धरा: आपली लायब्ररी स्टॅटिक, सिस्टिमची शेअर्ड. एक अडचण एवढीच, की एकाच फोल्डरमध्ये .ए आणि .एसओ दोन्ही असतील आणि तुम्ही ‘-एलकाटा’ लिहिलंत, तर लिंकर .एसओच उचलतो. त्याच्याशी वाद घालू नका. ‘-एलकाटा’ काढून तिथे थेट ‘बिल्ड/लिबकाटा.ए’ असा फाइलीचा पूर्ण पत्ता लिहा. एसक्यूलाइट एकाच मोठ्या सी फाइलीच्या रूपात मिळते, ती प्रोजेक्टमध्ये ठेवून आपल्या कोडबरोबरच कंपाइल करा, म्हणजे तिचाही प्रश्न मिटला.

पायरी ५: बिल्ड सिस्टिमला सांगा

सीमेकमध्ये ‘अ‍ॅड_लायब्ररी’ लिहिताना स्टॅटिक किंवा शेअर्ड असा शब्द घालू नका. मग ‘बिल्ड_शेअर्ड_लिब्ज’ हा एकच स्विच ऑन-ऑफ करून दोन्ही बिल्ड मिळतात. स्विच दिला नाही तर स्टॅटिक. मेसन या दुसऱ्या बिल्ड टूलमध्ये ‘डीफॉल्ट_लायब्ररी’ला स्टॅटिक, शेअर्ड किंवा बोथ. दोन बिल्डना दोन वेगळी फोल्डरं द्या. एकाच फोल्डरमध्ये आलटून पालटून करत बसलात की पायरी दोनमधला घोळ पुन्हा सुरू.

‘कॉन्फिगर’ आणि ‘मेक’वाली जुन्या पद्धतीची प्रोजेक्ट अजून भरपूर आहेत. त्यांत लायब्ररी बांधणारं लिबटूल असतं आणि ते दोन्ही लायब्ररी बनवताना प्रत्येक सोर्स फाइल दोनदा कंपाइल करतं, एकदा शेअर्डसाठी आणि एकदा स्टॅटिकसाठी. कॉन्फिगरला ‘--डिसेबल-शेअर्ड’ दिलं की कंपाइलचं काम जवळपास निम्म्यावर येतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ ला टेकतो आणि लॅपटॉपचा पंखा रडायला लागतो, तेव्हा ही बचत चांगलीच जाणवते. आणखी एक: शेअर्ड बिल्डमध्ये लिबटूल टेस्ट प्रोग्रामच्या नावाने एक शेल स्क्रिप्ट ठेवतं, खरा प्रोग्राम ‘.लिब्ज’ फोल्डरमध्ये लपलेला असतो. डीबगर जीडीबी थेट लावलं तर ते म्हणतं, ही चालवण्याजोगी फाइलच नाही. ‘--डिसेबल-शेअर्ड’ केलं की स्क्रिप्ट जाते आणि डीबगर सरळ लागतो. शेअर्डच हवी असेल तर ‘लिबटूल --मोड=एक्झिक्यूट जीडीबी’ असं लिहून पुढे प्रोग्रामचं नाव द्या.

पायरी ६: देण्याआधी शेअर्ड बिल्डची टेस्ट वेगळी करा

लायब्ररी शेअर्ड म्हणून दुसऱ्यांना द्यायची असेल तर वरची स्टॅटिक टेस्ट पुरेशी नाही. काही चुका फक्त शेअर्डमध्येच दिसतात. ‘-एफपीआयसी’ या ऑप्शनशिवाय कंपाइल केलेला तुकडा शेअर्डमध्ये घालताना लिंकर अडतो, ते लगेच कळतं. विंडोजवर डीएलएल (तिथली शेअर्ड लायब्ररी) करताना एखादं फंक्शन एक्स्पोर्ट करायचं राहतं, तेही लिंक करताना कळतं. सीमेक इन्स्टॉल करताना बिल्ड फोल्डरचा पत्ता काढून टाकतं, म्हणून बिल्ड फोल्डरमध्ये चालणारा प्रोग्राम इन्स्टॉलनंतर ‘कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’ म्हणतो. तेव्हा एकदा इन्स्टॉल करून, ‘एलडीकॉन्फिग’ चालवून, बिल्ड फोल्डरचं नाव बदलून टेस्ट करा.

गप्प राहणारी चूक मात्र वेगळीच. लिबकाटाच्या स्ट्रक्चरमध्ये दोन पूर्णांक आहेत, आधी भरलेल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं. कापसासाठी ओलावा नोंदवायची मागणी आली आणि कुणीतरी तो आकडा दोन्हींच्या मधे घातला. नवी .एसओ काट्यावरच्या मशीनवर गेली, पावती प्रोग्राम जुनाच राहिला. गाडी भरलेली १२,६०० किलो, रिकामी ४,२००, ओलावा ८ टक्के. जुना प्रोग्राम दुसऱ्या जागेवरचा आकडा रिकाम्या गाडीचा समजून वाचतो, आणि पावतीवर निव्वळ वजन ८,४०० ऐवजी १२,५९२ किलो छापून येतं. एरर नाही, क्रॅश होईलच असंही नाही. शिवाय लायब्ररी जुन्या, लहान स्ट्रक्चरच्या पलीकडे चार बाइट लिहून जाते ते वेगळंच.

स्टॅटिक टेस्टमध्ये ही चूक कधीच सापडणार नाही, कारण तिथे दोन्ही बाजू एकाच हेडरमधून ताज्या कंपाइल होतात. म्हणून मागच्या रिलीझचा बांधलेला पावती प्रोग्राम जपून ठेवा आणि नव्या .एसओबरोबर तोच चालवून बघा. ‘एबीआयडिफ’ हे टूल दोन लायब्ररींमधले असे फरक दाखवतं. स्ट्रक्चरला धक्का लागला असेल तर ‘एसओनेम’ (लायब्ररीत लिहिलेलं आवृत्तीसकट नाव) वाढवा, लिबकाटा.एसओ.१ चं लिबकाटा.एसओ.२ करा, मग जुना प्रोग्राम नवी लायब्ररी उचलणारच नाही.

पायरी ७: ज्या मशीनवर चालणार, तिथली ग्लिबसी बघा

अमळनेर-पारोळ्याकडच्या काट्यावरचं मशीन एकदा बसवलं की वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही. तिथे उबुंटू १८.०४ असेल तर ग्लिबसी २.२७ असते. तुमच्या लॅपटॉपवर २२.०४, ग्लिबसी २.३५. सगळ्या टेस्ट पास, पेनड्राइव्हवर फाइल गेली, आणि फोन येतो: “काटा चालू व्हस नही भाऊ, बाहेर कापूसन्या गाड्या उभ्या शेतस!” स्क्रीनवर काय दिसतंय ते वाचायला सांगितलं की कळतं: ‘जीएलआयबीसी_२.३४ नॉट फाउंड’. २.३४ पासून प्रोग्राम सुरू करणाऱ्या मूळ फंक्शनचीच आवृत्ती बदलली, म्हणून त्यानंतरच्या ग्लिबसीवर बांधलेलं साधं हॅलो वर्ल्डसुद्धा जुन्या मशीनवर उठत नाही. उलट दिशेने अडचण नसते. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं.

तेव्हा लॅपटॉपवर डॉकरमध्ये उबुंटू १८.०४ चा कंटेनर (लॅपटॉपच्या आतच चालणारी वेगळी सिस्टिम) ठेवा, बिल्ड त्यातच करा आणि टेस्टही त्यातच चालवा. फाइल नेण्याआधी ‘ऑब्जडंप -टी’ (टी मोठ्या लिपीतला) देऊन जीएलआयबीसीच्या ओळी चाळा, २.२७ च्या वरचा आकडा दिसला तर निघू नका. सी++ असेल तर ‘-स्टॅटिक-लिबएसटीडीसी++’ आणि ‘-स्टॅटिक-लिबजीसीसी’ हेही द्या, म्हणजे सी++ ची लायब्ररी तेवढी पोटात जाईल.

पूर्ण स्टॅटिकच हवं असेल तर ग्लिबसी सोडून ‘मसल’ ही दुसरी सी लायब्ररी वापरा. अल्पाइन लिनक्स त्याच्यावरच चालतं आणि नावावरून पत्ता शोधण्याची अडचणही त्यात येत नाही. फक्त सगळ्या टेस्ट मसलवर पुन्हा चालवा. मसलमध्ये थ्रेडचा स्टॅक आपण काही सांगितलं नाही तर १२८ केबी असतो, ग्लिबसीत सहसा ८ एमबी. थ्रेडमध्ये मोठे अ‍ॅरे ठेवायची सवय असेल तर प्रोग्राम तिथे कोसळतो. रस्ट भाषावाल्यांना मसलचं टार्गेट तयार मिळतं, गो भाषावाल्यांना तर बहुतेक वेळा हा प्रश्नच पडत नाही.

दोन कागदी गोष्टी

लायब्ररी एलजीपीएल या ओपन सोर्स परवान्याखाली असेल आणि तुमचा प्रोग्राम बंद सोर्सचा असेल, तर स्टॅटिक जोडताना जबाबदारी वाढते. ग्राहकाला त्या लायब्ररीची बदललेली आवृत्ती घालून प्रोग्राम पुन्हा लिंक करता यावा, म्हणून ऑब्जेक्ट फाइली द्याव्या लागतात. टेस्ट प्रोग्राम ऑफिसातच राहणार असेल तर याची काळजी नको.

दुसरी सुरक्षेची. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतलं हार्टब्लीड हे भगदाड उघडकीला आलं, तेव्हा शेअर्ड वापरणाऱ्यांनी सिस्टिमची एक लायब्ररी अपडेट केली, सर्व्हिसेस रीस्टार्ट केल्या. स्टॅटिक जोडणाऱ्यांना प्रत्येक प्रोग्राम नव्याने बांधून पुन्हा वाटावा लागला. काट्यांवर स्टॅटिक प्रोग्राम पाठवत असाल तर कोणत्या गावाला, कोणत्या तारखेला, आत कोणकोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती घालून दिलाय, याची एक साधी टेक्स्ट फाइल बिल्डबरोबरच तयार होईल अशी ओळ मेकफाइलमध्ये घाला. हाताने लिहायचं ठरवलंत तर तिसऱ्या काट्यापासून ती वही मागे पडते.